तिकीट कुणाच्या हातात?

(नेकनूर, जि. बीड इथे आसपासच्या गावांतल्या महिला मंडळांच्या आणि बचत गटांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आज इथे येताना एसटीत माझ्या शेजारी एक मावशी बसल्या होत्या. त्यांनी कंडक्टरकडून अर्धं तिकीट घेतलं, पदराच्या गाठीला बांधलं आणि मला विचारलं, "कुठं निघालीस माय?" मी म्हटलं, "नेकनूरला. बोलायचं आहे तिथं." "कशावर?" "पक्षाचं तिकीट बायांना का मिळत नाही, यावर." मावशी हसल्या. म्हणाल्या, "एस्टीचं अर्धं दिलंय ना सरकारनं, भागवा तेवढ्यावर. पार्टीचं तिकीट मागाया गेलं की म्हणतेत, गाडी भरली."

मी पुस्तकातून काढून आणलेलं सगळं भाषण मावशींनी एका वाक्यात सांगून टाकलं. तरी आपण आज त्या वाक्याच्या आत शिरू. गाडी भरली हे कोण सांगतं? आत कोण बसलंय? आणि आपण दारात उभ्या आहोत त्या किती वर्षं?

एम.एस.डब्ल्यू. करून मी या भागात कामाला लागले तेव्हा निवडणूक हा आपला विषय नाही असंच मला वाटायचं. नवऱ्यानं टाकलेल्या बाया, रेशनकार्ड, निराधार पगार, ऊसतोडीला जाणाऱ्या बायांची दुखणी, हे आपलं काम. राजकारण घाणेरडं, त्यात आपण कशाला? पण हळूहळू ध्यानात आलं की प्रत्येक कागद कुठेतरी जाऊन अडतो. तहसीलमध्ये अडला की वर जावं लागतं, आणि वर जिथे जावं तिथे खुर्चीवर एकतर पुरुष असतो, नाहीतर अशी बाई असते जिला आपल्यापेक्षा त्या पुरुषाला उत्तर द्यायचं असतं. तेव्हापासून मी हा प्रश्न विचारते आहे.

आपल्या जिल्ह्याचा हिशोब

सुरुवात घरापासून करू. "लोक बाईला मत देत नाहीत" हे पक्षाचं ठरलेलं उत्तर असतं. बीड जिल्ह्यात कुणी हे सांगितलं तर त्याला खालचा हिशोब तोंडपाठ म्हणून दाखवा.

१९८० ते २०२४ या काळात बीड लोकसभा मतदारसंघात, पोटनिवडणूक धरून, १३ निवडणुका झाल्या. त्यांतल्या ६ वेळा बाई निवडून आली. केशरकाकू क्षीरसागर १९८०, १९८४ आणि १९९१ साली. रजनी पाटील १९९६ साली. डॉ. प्रीतम मुंडे २०१४ च्या पोटनिवडणुकीत आणि पुन्हा २०१९ साली. त्यातली २०१४ ची पोटनिवडणूक तर ६ लाख ९६ हजार मतांच्या फरकानं जिंकली. तोवर देशात एवढं मताधिक्य कुणाला मिळालेलं नव्हतं. २०२४ साली पंकजा मुंडे हरल्या, पण किती मतांनी? ६,५५३. बाई म्हणून नाकारलं असतं तर लाखानं पडल्या असत्या.

विधानसभेचं बघा. २००८ च्या पुनर्रचनेनंतर आपलं नेकनूर केज मतदारसंघात गेलं. ती जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, बायांसाठी नाही. तरी तिथून डॉ. विमल मुंदडा १९९० पासून सलग पाच वेळा निवडून आल्या, मंत्री झाल्या. २०१४ साली संगीता ठोंबरे आल्या. २०१९ आणि २०२४ साली नमिता मुंदडा आल्या.

म्हणजे या दुष्काळी, ऊसतोड कामगारांच्या, मागास म्हणून हिणवलेल्या जिल्ह्यानं बाईला पुन्हा पुन्हा निवडून दिलं. इथल्या मतदाराला बाईचं वावडं नाही.

आता दुसरा हिशोब ऐका. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८०७. दहा वर्षांआधी, २००१ साली, त्या ८९४ होत्या. म्हणजे बाईला लोकसभेत पाठवणारा जिल्हा मुलीला जन्माला येऊ देत नव्हता. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी केली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. सहातल्या एकीचं. इथे बसलेल्यांत कितीजणी हात वर करतील ते मी विचारत नाही. आपल्याला माहीत आहे.

या दुसऱ्या हिशोबाचं खापर मी निवडून आलेल्या बायांवर फोडत नाही. मधल्या काळात पुरुष खासदारही होते, त्यांना असा जाब कुणी विचारत नाही. बाई निवडून आली की तिनं सगळ्या बायांचं भलं केलंच पाहिजे आणि पुरुषानं नुसतं गटार बांधलं तरी चालतं, हाही एक भेदभावच आहे. पण दोन्ही हिशोब शेजारी ठेवले की एक प्रश्न उभा राहतो. बाई संसदेत गेली, तरी आपला प्रश्न तिच्याबरोबर का गेला नाही? माझं उत्तर असं आहे: कारण तिला आपण निवडून दिलं, पण निवडलं नाही. निवडलं दुसऱ्याच कुणीतरी. आपण फक्त बटण दाबलं.

तिकीट ठरतं कसं

हे 'दुसरं कुणीतरी' कोण, ते बघू. कायद्याच्या नजरेनं लोकसभेला उभं राहणं सोपं आहे. वय २५ पूर्ण, मतदार यादीत नाव, अनामत रक्कम २५ हजार, अनुसूचित जाती-जमातींना साडेबारा हजार. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. पण पक्षाची निशाणी हवी असेल तर एबी फॉर्म लागतो. 'ए' फॉर्ममध्ये पक्ष कळवतो की आमच्या वतीनं सही कोण करणार. 'बी' फॉर्ममध्ये तो माणूस लिहितो की आमचा उमेदवार अमुक. शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत तो कागद निवडणूक अधिकाऱ्याच्या टेबलावर पडला पाहिजे. पंधरा-वीस लाख मतदारांचं भवितव्य त्या एका सहीवर ठरतं. आणि ती सही करणारा हात, बायांनो, जवळजवळ नेहमी पुरुषाचा असतो.

त्या सहीच्या आधी काय होतं? जिल्ह्यातून नावं जातात, प्रदेशात छाननी होते, मग दिल्लीत केंद्रीय निवडणूक समिती बसते. भाजपच्या घटनेप्रमाणे त्या समितीत महिला मोर्चाची अध्यक्ष पदसिद्ध असते. सगळ्या समितीत हमखास बाईची अशी ती एक खुर्ची. काँग्रेसमध्ये छाननी समित्या असतात. प्रादेशिक पक्षांत तर बहुतेक ठिकाणी समिती नावालाच. साहेब बोलतील ते खरं. यातली एकही बैठक उघडी नसते, कुणाला का नाकारलं याचा कागद कुठे राहत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्यानं पक्षाची नोंदणी होते, पण उमेदवार कसे निवडा, त्यात बाया किती घ्या, याबद्दल तो कायदा पक्षाला काहीही विचारत नाही. रेशन दुकानदाराला वजनकाट्याची तपासणी चुकत नाही. पक्षाला कसली तपासणी नाही.

मग आत बसून निकष काय लावतात? पहिला, निवडून येण्याची क्षमता. दुसरा, खर्चाची ताकद. लोकसभेच्या खर्चाची अधिकृत मर्यादा २०२२ पासून ९५ लाख आहे, आणि ती मर्यादा कागदावरची आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं. तिसरा, जात. चौथा, कारखाना, बँक, शाळा, दूधसंघ यांतलं काय हाताशी आहे. आता सांगा, जमीन नवऱ्याच्या नावावर, सोसायटीचं सभासदत्व सासऱ्याच्या नावावर, मोटारसायकल दिराच्या हातात, ती बाई यातल्या कोणत्या निकषावर उतरणार? तिला कुणी "बाई म्हणून नको" असं सांगत नाही. निकषच असे लावतात की ती आपोआप गळावी.

त्यात आपल्या भागाची आणखी एक गोष्ट. दिवाळी झाली की टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, ती फडावर जाते ती उन्हाळ्याच्या तोंडाला परत येते. वर्षातले पाच-सहा महिने जी बाई गावातच नाही, ती पक्षाच्या बैठकीला जाणार कधी, 'पक्षकार्य' दाखवणार काय? जिच्यावर या जिल्ह्याचं अर्थकारण उभं आहे तिचं नाव कुठल्याही यादीत येण्याची शक्यताच ठेवलेली नाही.

एका मुलाखतीची गोष्ट

मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. आपल्याच एक ताई. नाव घेत नाही, पक्षाचंही घेत नाही. या ताईंच्या गटातली जिल्हा परिषदेची जागा एकदा बायांसाठी राखीव निघाली होती. तेव्हा पक्षानंच त्यांना गळ घातली, त्या उभ्या राहिल्या, आल्या. पहिलं वर्ष बैठकीत नवरा शेजारी बसायचा. दुसऱ्या वर्षी त्यांनी त्याला बाहेर चहाला पाठवलं. पाच वर्षांत अंगणवाड्यांच्या इमारती, तीन वाड्यांना पाणी, उपकेंद्रात बाळंतपणाची सोय, आणि दोन बालविवाह स्वतः उभं राहून थांबवले. सभागृहात अध्यक्षाला "कागद दाखवा" म्हणणारी ती एकटी.

२०१७ ची निवडणूक आली. चक्रानुक्रमानं ती जागा सर्वसाधारण झाली. ताईंनी पक्षाकडे अर्ज केला. मुलाखतीला मी बरोबर गेले होते. हॉलमध्ये समोर टेबल, टेबलामागे सात जण, सातही पुरुष. आम्ही फाईल नेली होती, पाच वर्षांच्या कामाची, फोटोंसकट. ती कुणी उघडली नाही. पहिला प्रश्न आला, "ताई, ही जागा आता बायांची राहिली नाही, माहीत आहे ना?" ताई म्हणाल्या, "सर्वसाधारण म्हणजे पुरुषांची असं कुठं लिहिलंय?" कुणीतरी हसलं. दुसरा प्रश्न, "मालक काय म्हणतात?" तिसरा, "किती लावाल?" ताई म्हणाल्या, "काम लावीन." मग एकानं अगदी गोड आवाजात सांगितलं, "ताई, तुम्ही आमची लक्ष्मी. महिला आघाडीची जबाबदारी तुमच्याकडेच देऊ."

तिकीट एका ठेकेदाराच्या मुलाला मिळालं. तो गावात राहतच नव्हता. निकालाच्या दिवशी आम्ही दोघी ताईंच्या ओट्यावर बसलो होतो. ताई म्हणाल्या, "पाच वर्षं वाटलं मी मेंबर हाय. आता कळलं, मी त्यांच्यासाठी जागा धरून बसले होते. बशीत रुमाल टाकतेत तसं."

रुमाल. हा शब्द मी विसरू शकले नाही. आरक्षणानं आपल्याला जागा दिली, हे मोठं काम आहे आणि त्याच्या बाजूनं मी भांडत राहीन. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ साली लागू झाली नसती तर आज इथे बसलेल्या सरपंच ताई या मंडपात असत्या, पण खाली, पाणी वाटायला. २०११ साली महाराष्ट्रानं ते आरक्षण ३३ टक्क्यांवरून ५० टक्के केलं. तीस-बत्तीस वर्षांत हजारो बाया तयार झाल्या. पण शिडीच्या पहिल्या पायरीवर कायदा आहे, पुढच्या पायऱ्यांवर पक्ष आहे. दुसरी पायरी चढायला निघाली की त्याच बाईला "आता बायांची जागा नाही" ऐकावं लागतं. पंचायतीत अर्ध्या बाया आणि लोकसभेत ५४३ मध्ये ७४, हा फरक कुठे पडतो ते त्या सात जणांच्या टेबलाशी पडतो.

नातं आणि काम

आता थोडं नाजूक बोलते. २०२४ साली महाराष्ट्रातल्या ४८ जागांवर ७ बाया निवडून आल्या. सुप्रिया सुळे, प्रणिती शिंदे, वर्षा गायकवाड या तिघी मोठ्या नेत्यांच्या मुली. रक्षा खडसे सून. प्रतिभा धानोरकर यांचे पती खासदार असताना वारले. शोभा बच्छाव डॉक्टर, नाशिकच्या महापौर होत्या, राज्यमंत्री होत्या. स्मिता वाघ जळगावच्या, जिल्हा परिषदेत अध्यक्ष होत्या, विद्यार्थी संघटनेपासून पक्षात. म्हणजे सातांतल्या पाचजणी घरातून आल्या.

त्यांना कमी लेखू नका. घराण्यातल्या पुरुषांना आपण 'युवा नेतृत्व' म्हणतो आणि बायांना 'मुलगी' किंवा 'सून' म्हणून मोजतो. शिवाय केशरकाकूंचं बघा. राजुरीच्या सरपंचपदापासून त्या वर चढल्या, संसदेत गेल्या, आणि घराणं त्यांच्यानंतर झालं. इथे बाईपासून घराणं सुरू झालं, हे आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण आहे. तेव्हा प्रश्न त्या बायांच्या लायकीचा नाही. प्रश्न असा आहे की ज्या बाईचा बाप, नवरा, सासरा पुढारी नाही, तिच्यासाठी दार कुठे आहे?

ते दार एकेकाळी थोडं उघडं होतं. १९७७ साली मुंबईतून मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर, १९८० साली प्रमिला दंडवते लोकसभेत गेल्या. घरात राजकारण यांच्याही होतंच, पण त्यांची ओळख रस्त्यावरची होती. महागाईविरुद्धचे लाटणे मोर्चे, पाणी, रॉकेल, हुंड्याचा प्रश्न. त्यांच्या मागे बाया होत्या, म्हणून पक्षाला त्यांची दखल घ्यावी लागली. आज पक्षांनी महिला आघाड्या काढल्या, पण त्या हळदीकुंकवाला, सभेत पुढच्या रांगा भरायला आणि नेत्याला ओवाळायला ठेवल्या.

आणि मिळालेलं तिकीटही टिकत नाही. २०१९ साली महाराष्ट्रातून ८ बाया लोकसभेत होत्या. २०२४ ला त्यांतल्या तिघींना, प्रीतम मुंडे, पूनम महाजन आणि भावना गवळी यांना, पुन्हा तिकीटच मिळालं नाही. भावना गवळी तर पाच वेळा निवडून आलेल्या. पुरुषांचीही तिकिटं कापतात, मान्य. पण आठांतल्या तिघी गेल्या की उरतात किती? स्मिता वाघ यांचं तर २०१९ सालीच नाव जाहीर झालं होतं. ऐनवेळी बदललं आणि उमेदवारी दुसऱ्या एका पुरुषाला गेली. पाच वर्षं थांबून २०२४ ला त्याच उभ्या राहिल्या आणि जिंकल्या. म्हणजे 'क्षमता नव्हती' हे कारण खोटं होतं. क्षमता तीच, जागा तीच, फक्त सही बदलली.

"बाई येणार नाही हो निवडून"

या वाक्याला आकड्यानंही उत्तर आहे. २०२४ साली देशभरात ८,३६० उमेदवार होते, त्यांत बाया ८००. दहातली एकही धड नाही. आल्या ७४. म्हणजे शंभर उभ्या राहिल्या तर नऊ आल्या. पुरुष शंभर उभे राहिले तर सहा आले. कुणी म्हणेल, पुरुषांत अपक्षांची गर्दी फार, म्हणून तसं दिसतं. बरोबर आहे, या आकड्यावरून बाया जास्त जिंकतात असं मी म्हणणार नाही. पण बाई म्हणजे पडणारच, हे तर त्यातून अजिबातच निघत नाही. आणि मोठ्या पक्षांनी दिली किती तिकिटं? भाजपनं ६९, काँग्रेसनं ४१. एकाचं प्रमाण शंभरात सोळा, दुसऱ्याचं तेरा. दोघेही संसदेत ३३ टक्क्यांच्या बाजूनं हात वर करून आले होते.

ज्यांनी ठरवलं त्यांना बाया मिळाल्या. २०१९ साली बंगालमध्ये तृणमूल काँग्रेसनं ४२ मध्ये १७ बाया उभ्या केल्या, ९ आल्या. २०२४ ला १२ उभ्या केल्या, ११ आल्या. ओडिशात बिजू जनता दलानं २०१९ ला एक तृतीयांश द्यायचं ठरवलं, २१ मध्ये ७ दिल्या, ५ आल्या. त्यांतल्या एकीचं नाव लिहून घ्या: प्रमिला बिसोई. आस्का मतदारसंघ. वय सत्तरीच्या आसपास, शाळा दोन-तीन इयत्तांची, आणि काम काय? बचत गट चालवणं. आपल्यासारखाच बचत गट. दोन लाखांवर मतांनी निवडून आल्या आणि दिल्लीला गेल्या. पुढचंही सांगितलं पाहिजे: २०२४ ला पक्षानं त्यांना पुन्हा उभं केलं नाही. एका नेत्याच्या मनात आलं म्हणून मिळालेलं, नेत्याच्या मनात आलं की जातं. म्हणून मर्जी नको, नियम हवा.

बाहेरच्या देशांत नियमाचं काय झालं? इंग्लंडमध्ये मजूर पक्षानं निम्म्याच्या आसपास जिंकण्याजोग्या जागांवर फक्त बायांचीच यादी करायची असं ठरवलं. मधेच काही पुरुषांनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि १९९६ साली ते बेकायदा ठरलं. तरी तोवर निवडलेल्या बाया राहिल्या आणि १९९७ ला त्या एका पक्षाच्या १०१ बाया संसदेत आल्या. पुढे २००२ साली कायदाच बदलून पक्षांना तशी मुभा दिली. फ्रान्सनं २००० साली कायदा केला की पक्षांनी स्त्री-पुरुष निम्मे निम्मे उमेदवार द्यावेत, नाहीतर सरकारी अनुदान कापू. मोठ्या पक्षांनी काय केलं? बरीच वर्षं दंड भरला, पण जागा सोडल्या नाहीत. शेजारच्या नेपाळात संसदेत एक तृतीयांश बाया असल्याच पाहिजेत असं संविधानात आहे. तिथे पक्ष बायांना यादीतून आत घेतात आणि थेट लढायच्या जागा पुरुषांना ठेवतात. धडा काय? नियम असला तरी त्याला पळवाट शोधतात. म्हणून नियमही हवा आणि नियमावर डोळा ठेवणाऱ्या बायाही हव्यात.

२०२३ चा कायदा

तुम्ही म्हणाल, आता कायदा झाला ना. झाला. १२ सप्टेंबर १९९६ ला ते विधेयक पहिल्यांदा लोकसभेत आलं. त्या वर्षी जन्मलेली मुलगी आज दोन लेकरांची आई आहे. सभागृहात कागद फाडले गेले, विधेयकं बुडाली, २०१० साली राज्यसभेत मंजूर होऊन लोकसभेत पडून राहिलं. शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये ४५४ विरुद्ध २ मतांनी लोकसभेत आणि एकमतानं राज्यसभेत पास झालं. १०६ वी घटनादुरुस्ती. लोकसभा-विधानसभेत एक तृतीयांश जागा. पण त्याच कायद्यात लिहिलं की आधी जनगणना, मग मतदारसंघांची पुनर्रचना, मग आरक्षण. २०२४ ची निवडणूक त्याच्याविना पार पडली. लग्न ठरलं, पत्रिका छापल्या, तारीख तेवढी कोरी ठेवली.

तारीख येईल तेव्हा येईल. पण ती आल्यावर काय होईल याचा विचार आजच करा. जागा राखीव होईल, एबी फॉर्म मात्र त्याच हातात राहील. तेच सात जण टेबलामागे बसतील आणि म्हणतील, बाई पाहिजे का, घ्या, घरात आहे. पुनर्रचनेगणिक जागा फिरेल आणि पुन्हा रुमालाची गोष्ट होईल. शिवाय या कायद्यात अनुसूचित जाती-जमातींच्या बायांना त्यांच्या जागांमध्ये वाटा आहे, पण ओबीसी आणि मुस्लिम बायांसाठी वेगळं काही नाही. २०२४ ला आलेल्या ७४ जणींत मुस्लिम बाया दोन. नेकनूरमध्ये हे बोलताना माझ्यासमोर ज्या भगिनी बसल्या आहेत त्यांच्याकडे बघून मला हा आकडा सांगायला लाज वाटते. सगळ्या बाया सारख्या, हे म्हणायला गोड आहे. पण तिकीट वाटताना जात आणि धर्म आधी मोजतात, आणि मग बाईपण.

२०२४ ला आपल्या जिल्ह्यात काय झालं तेही आपण पाहिलं. गावं जातीवर उभी फुटली. शेजारणी शेजारणीशी बोलेनाशा झाल्या. त्या गदारोळात ऊसतोड बाईच्या दुखण्यावर, मुलींच्या एसटीच्या फेऱ्यांवर, बालविवाहावर एकाही उमेदवाराला प्रश्न विचारला गेला नाही. त्या वेळी मीही गप्प बसले होते. कोणत्या बाजूची म्हणून शिक्का बसेल या भीतीनं आपली मंडळं दोन महिने बंद ठेवली. ती माझी चूक होती. आज इथे बोलायला उभी राहिले ती त्या चुकीमुळेही.

मग करायचं काय

मोठ्या गोष्टी सांगून मी तुम्हाला घरी पाठवणार नाही. करता येतील अशाच सांगते.

एक. प्रत्येक मंडळानं आपल्या भागातल्या तयार बायांची यादी करावी. सरपंच झालेल्या, सदस्य झालेल्या, आशा, अंगणवाडीच्या कामातून माणसं जोडलेल्या, गट चालवणाऱ्या. काही जणींना नोकरीच्या नियमामुळे लगेच उभं राहता येणार नाही, तरी नाव असू द्या. पक्षवाला "बाई मिळत नाही" म्हणाला की यादी पुढे करायची.

दोन. पुढच्या निवडणुकीच्या आधी प्रत्येक पक्षाच्या जिल्हाध्यक्षाला लेखी पत्र द्यायचं: सर्वसाधारण जागांवर किती बायांना तिकीट देणार? मुलाखतीच्या समितीत किती बाया बसवणार? पोच घ्यायची. उत्तर दिलं नाही तर तेही गावात वाचून दाखवायचं.

तीन. मुलाखतीला एकटीनं जायचं नाही. पाचजणींनी जायचं, फाईल घेऊन. आणि "मालक काय म्हणतात" विचारलं की उलट विचारायचं, "तुमच्या उमेदवाराची मालकीण काय म्हणते?"

चार. पक्षात काम करणाऱ्या बाईची बदनामी हे तिकीट कापायचं जुनं हत्यार आहे. अंगचटीला येणं, मग नाही म्हटलं की नावं ठेवणं. केरळ उच्च न्यायालयानं २०२२ साली सांगितलं की पक्षात मालक-नोकर नातं नसल्यामुळे तक्रार समिती नेमायचं त्यांच्यावर बंधन नाही. कायद्यानं बंधन नसेल तर आपण घालायचं. तक्रार समिती नाही तर आमच्या बाया सभेला नाहीत, एवढं तरी म्हणता येईल.

पाच. बाई निवडून आली, कुठल्याही पक्षाची, कुठल्याही घरची, की महिन्याच्या आत तिच्याकडे जायचं. हार घेऊन नको, कागद घेऊन. तिला तिकीट ज्यांनी दिलं ते तिच्याकडे रोज जातात. आपण गेलो नाही तर ती आपली होणार कशी?

शेवटचं. २०१९ साली या देशात पहिल्यांदाच बायांच्या मतदानाची टक्केवारी पुरुषांपेक्षा किंचित वर गेली. तेव्हापासून सगळ्या पक्षांना आपण एकदम दिसू लागलो. कुणी खात्यावर दीड हजार टाकतो, कुणी अर्धं तिकीट देतो. घ्या, तो आपलाच पैसा आहे, उपकार कुणाचे नाहीत. पण घेताना लक्षात असू द्या, लाभार्थी ही ओळख आपल्याला त्यांनी दिली आहे. उमेदवार ही ओळख आपल्याला घ्यावी लागेल.

त्या रुमालवाल्या ताई आज इथे बसल्या आहेत. मघाशी मला म्हणाल्या, "पुन्हा अर्ज भरणार हाय. पक्षाकडं मागणार, नाही दिलं तर दहा सूचक घेऊन अपक्ष." मी म्हटलं, "पडलात तर?" म्हणाल्या, "पडंन. पण या बारीला जागा धरायला नाही, बसायला जाणार."

ताई, सूचक म्हणून पहिली सही माझी. उरलेल्या नऊ सह्या इथून जाण्याआधी झाल्या पाहिजेत. मात्र सूचक त्याच मतदारसंघातला लागतो, तेव्हा आपापलं मतदार यादीतलं नाव आधी तपासून घ्या.

जिंदाबाद!